लांडग्याचा लेटेक्स मुखवटा बनवताय? या चुका टाळा

मुखवटा खोटा दिसतोय असं वाटलं की सगळे रंगाकडे धावतात, अजून एक शेड मारू, एअरब्रश फिरवू. पण घोळ बहुतेक वेळा मातीतच, म्हणजे आपल्या चेहऱ्याच्या प्लास्टरच्या प्रतीवर माती चढवून लांडगा घडवतानाच झालेला असतो. आपला चेहरा सपाट, लांडग्याचा लांब, आणि लोक आपल्याच नाकावर थोडी माती चढवून तोंड पुढे काढतात, मग धड लांडगा नाही न् धड कुत्रा नाही. लांडग्याच्या कवटीचे फोटो समोरून, बाजूने, वरून असे तिन्ही ठेवा आणि आधी गालाचं हाड, कपाळाचा उतार, जबडा कुठे संपतो ते बसवा. सुरकुत्या सगळ्यात शेवटी.

त्याआधी चेहऱ्याचा साचा घेताना पीओपी थेट कातडीवर कधीच लावू नका, ते घट्ट होताना तापतं आणि भाजतं. अल्जिनेट (दाताचे डॉक्टर माप घेतात ती, पाण्यात कालवायची पावडर) लावा, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, शेजारी माणूस हवाच. अल्जिनेट सुकलं की आकसतं, म्हणून आत प्लास्टर लगेच ओतायचं.

डोळ्यांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण बघणारा आधी तिथेच बघतो. बाहुली मांजरासारखी उभी काढतात, हे चूक आहे, लांडग्याची गोल असते, वाघ-बिबट्याचीही गोलच, उभी असते ती खोकडाची. आणि काचेचा डोळा वरून चिकटवला तर तो बटणासारखा दिसणारच. डोळा आत बसवा, वर जाड पापणी येऊ द्या, कडेला काळी रेघ, आतल्या कोपऱ्यात गडद रंग. घालणाऱ्याला दिसण्यासाठीची जाळी पण त्याच गडद कोपऱ्यात लपते.

आता लेटेक्स, म्हणजे पातळ रबर. ते मातीच्या लांडग्यावरून घेतलेल्या प्लास्टरच्या साच्यात ओततात. हा साचा पाणी शोषतो म्हणून लेटेक्सचा थर जमतो, त्यामुळे साचा ओला असेल किंवा आत व्हॅसलीन फासलं असेल तर थर नीट धरत नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात साचा वरून कोरडा वाटतो पण आत ओल असते, तेव्हा पंख्याखाली ठेवून भरपूर वेळ द्या, घाई करूच नका. नाकाच्या टोकाला बुडबुडे राहतात, म्हणून पहिला थर ब्रशने आत घुसवा आणि मगच ओता. काढताना टाल्कम पावडर मारत मारत सोडवा, नाहीतर लेटेक्स स्वतःलाच चिकटतं आणि मग ते सुटत नाही, अख्खा मुखवटा वाया. सिलिकॉनने करणार असाल तर गंधक असलेली माती आणि लेटेक्सचे हातमोजे दोन्ही दूर ठेवा, प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं) त्यांना लागलं की नीट घट्ट न होता चिकटच राहतं.

नुसता अ‍ॅक्रिलिक रंग लेटेक्सवर तडकतो, तोंड हललं की पोपडे. त्यात प्रोस-एड (मेकअपचा लवचिक गोंद) मिसळा, रंग ताणला जातो.

फर कापताना कात्री नको, मागून ब्लेडने फक्त कापड कापा, नाहीतर केसांची टोकं एकसारखी तुटतात आणि जोड लगेच ओळखू येतो. लांडग्याचे केस नाकाकडून मागे वळतात, म्हणून चिकटवायला मानेकडून सुरुवात करून नाकाकडे या, पुढच्या तुकड्याचे केस मागच्याचा जोड झाकतात. नाकाजवळ केस अगदी बारीक, गालावर लांब, तेव्हा एकाच लांबीची फर सगळीकडे लावू नका, तोंडाच्या पुढच्या निमुळत्या भागावर ट्रिमर फिरवा. लांब तोंड लोंबत असेल तर आत मऊ पीयू फोम (गादीतला स्पंज) भरा आणि कपाळाशी पण फोमची गादी लावा, म्हणजे डोकं हललं की मुखवटा मागून हलत नाही, सोबतच वळतो.