घरी बदललेल्या डिस्प्लेचा टच चालत नसेल तर दोष कसा शोधावा

फुटलेला डिस्प्ले घरीच बदलला, चित्र स्वच्छ उमटले, पण बोट फिरवले तरी काहीच हलत नाही; अशा वेळी नवा डिस्प्लेच खराब निघाला असे मानून दुसरा मागवण्याची घाई करू नये. चित्र दाखवणे आणि स्पर्श ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक रेषांचे उभे-आडवे जाळे असते. बोट टेकले की त्या जागेची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) किंचित बदलते आणि टच कंट्रोलर नावाचा आयसी, म्हणजे चिप, त्यावरून स्पर्शाची जागा ठरवतो. हे संकेत नेणाऱ्या पट्टीची एखादी पिन नीट टेकली नाही, तर चित्र येते आणि टच मात्र जातो.

म्हणून सर्वप्रथम टच नेमका कुठे आणि कसा बिघडला आहे, ते पाहावे. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यातील बोटाचा माग पडद्यावर दाखवणारे ‘पॉइंटर लोकेशन’ सुरू करून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ रेघा ओढाव्यात. टच पूर्ण बंद असेल, तर फोनच्या चार्जिंगच्या जागी यूएसबी उपकरण जोडू देणाऱ्या ओटीजी अ‍ॅडॉप्टरने साधा यूएसबी माउस जोडून ही सेटिंग सुरू करता येते. पूर्ण पडदा मृत असेल, तर संशय आधी कनेक्टरवर, म्हणजे ती पट्टी जिथे बोर्डाला जोडते त्या जागेवर, घ्यावा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पट्टा मृत असेल, तर जाळ्यातील रेषा तुटलेली असते किंवा त्या रेषेची पिन टेकलेली नसते. बोट न लावताच अ‍ॅप्स उघडत असतील, तर चार्जर काढून आणि टफन ग्लास उतरवून पुन्हा पाहावे. निकृष्ट चार्जरमुळेही असा भुताटकीचा टच होतो.

फोन उघडण्याआधी सक्तीने रीस्टार्ट करून पाहावे. त्याचबरोबर, टच डिस्प्ले बदलल्यावर लगेच गेला की काही दिवस नीट चालून सॉफ्टवेअर अपडेटनंतर गेला, हेही आठवावे. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०१७ मध्ये आयओएस ११.०.३ आणि एप्रिल २०१८ मध्ये ११.३.१ हे अपडेट दिले. पहिल्याने आयफोन ६एस आणि दुसऱ्याने आयफोन ८ यांतील, अ‍ॅपलचे नसलेले डिस्प्ले बसवल्यावर टच बंद पडण्याची तक्रार दूर केली. असा प्रकार असेल आणि नवा अपडेट घेऊन टच परतला, तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याचे कारणच उरत नाही.

एवढे करूनही टच आला नाही, तर फोन बंद करून उघडावा आणि सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या पातीने सोडवावा. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेची पट्टी काढली-घातली, तर बॅकलाइटचे, म्हणजे पडद्यामागच्या प्रकाशाचे, सर्किट जळू शकते आणि दुखणे एकाचे दोन होते. आता पट्टीचा कनेक्टर उचलून भिंगातून पाहावा. कंगव्याच्या दातांसारख्या पिनांच्या दोन रांगा दिसतील. त्यांत आडवी पडलेली पिन, कापसाचा तंतू किंवा गोंदाचा थेंब आहे का, ते बघावे. माझ्या हातून एकदा दुहेरी चिकटपट्टीचा मागचा कागद, नखाएवढाही नसेल, तिथे अडकला होता आणि अख्खी संध्याकाळ त्यात गेली. मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ ब्रशने तो काढून जागा पूर्ण वाळू द्यावी.

कनेक्टर बसवताना जोर लावू नये. तो आधी सॉकेटवर अलगद ठेवून बोटाने किंचित सरकवावा. जागेवर आला की त्याचे सरकणे थांबते, मग आधी एक टोक आणि नंतर दुसरे दाबावे. बसल्याची ‘टक्’ कानापेक्षा बोटालाच जास्त जाणवते. त्यावरचा पत्रा लावताना स्क्रूंची लांबी सांभाळावी, कारण आयफोन ५एस, ६ यांसारख्या मॉडेलांत तिथले स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो थेट मदरबोर्डच्या थरांत घुसतो. काढलेले स्क्रू कागदावर फोनची आकृती काढून त्या त्या जागी चिकटवून ठेवावेत.

यानंतर डिस्प्ले न चिकटवताच बॅटरी जोडून पुन्हा रेघा ओढाव्यात. मोकळा असताना टच चालतो आणि चौकटीत दाबून बसवला की बिघडतो, असे झाले तर दोष दाबाचा आहे. पडल्यामुळे चेपलेला कोपरा, चौकटीत राहिलेला जुन्या काचेचा कण किंवा फुगलेली बॅटरी, यांपैकी काहीतरी आतून रेटत असते. बॅटरी फुगली असेल तर काम तिथेच थांबवावे, ती दाबू किंवा टोचू नये. पट्टीचा उघडा तांब्याचा भाग धातूच्या चौकटीला टेकत असेल, तर तिथे विद्युतरोधक कॅप्टॉन टेप लावावी.

तरीही जमले नाही, तर जुना फुटका डिस्प्ले, काचांवर रुंद सेलो टेप लावून, तात्पुरता जोडून पाहावा. त्याचा टच फुटण्यापूर्वी चालत असेल आणि आताही चालला, तर नवा माल सदोष आहे. त्यावरचे संरक्षक आवरण काढले नसेल आणि गोंद लागला नसेल, तर तो परत करणे सोपे जाते. दोन्ही डिस्प्ले मुके राहिले, तर दोष बहुधा मदरबोर्डवर असतो. आयफोन ६ प्लसमध्ये असे अनेकांच्या बाबतीत घडले आणि २०१६ मध्ये अ‍ॅपलला त्यासाठी दुरुस्तीची खास योजना आणावी लागली. त्या फोनच्या वरच्या कडेला राखाडी पट्टा लुकलुकत असे. बोर्डावरचे काम सूक्ष्मदर्शकाखाली सोल्डरिंग करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे, कोणता स्क्रू कुठे गेला होता तेही त्याला न लपवता सांगावे, आणि फोन सोपवण्यापूर्वी तोच माउस जोडून फोटो व संपर्क उतरवून घ्यावेत.