गाडीची चावी तुटली? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

गेल्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, मावसभावाचा फोन आला. दादरला रानडे रोडजवळच्या गल्लीत गाडी लावून तो मावशीला डॉक्टरकडे घेऊन गेला होता. परत येऊन चावी फिरवली, तर चावीचं डोकं हातात आलं आणि पातं इग्निशनमध्ये राहिलं. "दादा, समोरच्या दुकानातून फेविक्विक आणलंय, एक थेंब लावून तुकडा ओढून काढतो," तो म्हणाला. मी "थांब, थांब" म्हणेपर्यंत त्याने लावलंसुद्धा होतं.

तुकडा निघाला नाही. गोंद लॉकच्या आत उतरला आणि बारीक पत्र्या जागच्या जागी चिकटल्या. चांगल्या चावीवाल्याने दहा-पंधरा मिनिटांत काढला असता असा तो तुकडा. त्यापायी आख्खं इग्निशन लॉक बदलावं लागलं, गाडी उचलून न्यावी लागली आणि मावशी भिजत टॅक्सी शोधत राहिली. तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येक गाडीवाल्याला मी हे सांगत आलोय. आता जरा सविस्तर लिहितो.

नेमकं काय तुटलंय ते आधी बघा

आपण चावी ही एक वस्तू समजतो, पण गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांच्या चावीत तीन वेगळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे धातूचं पातं. ते लॉक फिरवतं, बाकी काही करत नाही. दुसरी म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे परक्या चावीने इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची चिप, चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात बसवलेली. हिला सेल लागत नाही. इग्निशनभोवती तारेची एक रिंग असते. चावी आत गेली की त्या रिंगमधूनच चिपला ऊर्जा मिळते आणि चिप आपला क्रमांक सांगते. क्रमांक ओळखीचा निघाला तरच इंजिन चालू राहतं. तिसरी वस्तू रिमोट, म्हणजे दारं उघडणारी बटणं, त्यांचं सर्किट आणि सेल.

ही तिन्ही आपापलं काम स्वतंत्रपणे करतात. रिमोट मेला तरी गाडी सुरू होते. पातं तुटलं तरी चिप ठणठणीत असते. चिप बिघडली तर मात्र दार उघडेल, लॉक फिरेल, बहुतेकदा स्टार्टरही फिरेल, पण इंजिन धरणार नाही किंवा एक-दोन सेकंदांत बंद पडेल, आणि डॅशबोर्डवर चावीच्या आकाराचा दिवा लुकलुकत राहील. अशा वेळी बॅटरी गेली, पेट्रोल पंप गेला असं समजून लोक मेकॅनिक बोलावतात. तो दिवा एकदा बघितला असता तर ते पैसे वाचले असते.

म्हणून सर्व्हिस सेंटरने "पूर्ण सेट घ्यावा लागेल" असं सांगितलं की लगेच मान डोलावू नका. तिन्हीपैकी काय गेलंय ते विचारा. नुसतं वरचं कव्हर फुटलं असेल तर त्याचा खर्च शेकड्यांतला. नवीन चावी आणि प्रोग्रामिंग, म्हणजे तिच्या चिपची गाडीला ओळख करून देणं, म्हटलं की तो हजारांत जातो.

तुकडा आत अडकलाय तेव्हा

उरलेलं अर्धं पातं पुन्हा आत घालून फिरवू नका. सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. दोन तुकडे जुळतील असं वाटतं, पण बाहेरचा तुकडा आतल्याला आणखी खोल ढकलतो. स्क्रूड्रायव्हर, केसांची पिन, सेफ्टी पिन हेही नको. पिनेचं टोक आत मोडलं की एकाच्या जागी दोन तुकडे होतात.

लॉक कुठल्या खुणेवर थांबलंय ते बघा. चावी ज्या जागी आत जाते, तिथेच ती बाहेर येते. लॉक अर्धवट फिरलेलं असताना तुकडा कितीही ओढला तरी येणार नाही, कारण आतल्या पत्र्या त्याला धरून ठेवतात. चावीवाला आधी लॉक हलकेच मूळ जागी आणतो आणि मग खाचांच्या बाजूने बारीक दातांची पट्टी सरकवून तुकडा बाहेर घेतो. तुकडा दोन-तीन मिलिमीटर बाहेर डोकावत असेल आणि लॉक बंदच्या खुणेवर असेल, तर भुवयांच्या बारीक चिमट्याने सरळ रेषेत एकदा ओढून बघायला हरकत नाही. एकदाच. आला नाही तर हात मागे घ्या. लॉक मधल्या खुणेवर अडकलं असेल तर दिवे, पंखा, म्युझिक बंद करा, नाहीतर चावीवाला येईपर्यंत बॅटरीही उतरेल.

गाडी हलवायचीच असेल तर एक लक्षात ठेवा. स्टीअरिंग लॉक लागलेलं असताना पुढची चाकं रस्त्यावर ठेवून गाडी ओढून नेता येत नाही. टोइंगवाल्याला फोनवरच सांगा, आख्खी गाडी वर चढवणारा ट्रक हवा.

आणि तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवा! कळकळीने सांगतोय, कारण लोक तो तुकडा खरोखरच गटारात टाकतात. दोन्ही तुकडे जुळवून चावीवाला खाचा वाचतो आणि नवीन पातं कापतो. डोक्यातली चिप तर तुमच्या गाडीला आधीच ओळखीची असते. ती नवीन पात्याच्या डोक्यात बसवली की प्रोग्रामिंगचा खर्चच उरत नाही.

गाडीत लहान मूल अडकलं असेल तर मात्र यातलं काहीही लागू नाही. चावीवाल्याची वाट बघत बसू नका. अग्निशमन दलाचा १०१ क्रमांक फिरवा, आणि मूल उन्हात कासावीस होत असेल तर त्याच्यापासून सर्वांत लांबची काच फोडा. काच पुन्हा बसवता येते.

कव्हर बदलताना चिप हरवते

फ्लिप चावीची, म्हणजे पातं आत दुमडणाऱ्या चावीची बिजागरी सैल होते, बटणांचं रबर फाटतं. मग आपण ऑनलाइन किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नवीन कव्हर आणतो. विचार चांगला आहे. फसगत होते ती जुनं कव्हर उघडताना. काही चाव्यांत चिप सर्किटवरच जोडलेली असते. काहींत ती काळ्या खड्यासारखी किंवा काचेच्या बारीक नळीसारखी, प्लास्टिकच्या एका खाचेत वेगळी बसवलेली असते. सर्किट नवीन कव्हरमध्ये गेलं, बटणं चालली, दार उघडलं, आपण खूश. जुनं कव्हर कचऱ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होत नाही, आणि तोवर घंटागाडी येऊन गेलेली असते.

त्यामुळे नवीन कव्हरने गाडी दोन-तीन वेळा सुरू करून बघेपर्यंत जुन्याचा एक कणही टाकू नका. कव्हर उघडताना सुरी खोलवर खुपसू नका, कडेच्या फटीतून नखाने किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने उकला. काचेची चिप एकदा तडकली की जोडता येत नाही.

इथेच आणखी एक सल्ला मिळतो, तोही फार आपुलकीने. "साहेब, चिप काढून स्टीअरिंगखाली रिंगजवळ चिकटवून देतो, मग कुठल्याही साध्या चावीने गाडी चालेल." नको. याचा सरळ अर्थ असा की इमोबिलायझर कायमचा उघडा पडला. काच फोडून लॉक फिरवता येणाऱ्या कोणालाही ती गाडी नेता येईल. थोडे पैसे वाचवण्यासाठी हा सौदा करू नका.

डुप्लिकेटची डुप्लिकेट

चावी झिजते. झिजलेल्या चावीवरून दुसरी कापली की झीजही तशीच उतरते, वर मशीनचा थोडा फरक पडतो. तिच्यावरून तिसरी कापली तर ती दार उघडेल, पण इग्निशनमध्ये अडेल. मग आपण जोर लावतो आणि ती तुटते. कितीतरी चाव्या अशाच तुटतात.

नवीन गाडीबरोबर चाव्यांच्या जुडग्यात बहुतेकदा धातूची किंवा प्लास्टिकची छोटी पट्टी येते, तिच्यावर काही अक्षरं आणि आकडे असतात. तो चावीचा कोड. त्यावरून चावी मूळ मापाची कापता येते. पट्टी जुडग्यातून काढून घरी ठेवा, कारण चावी हरवते तेव्हा जुडगाच हरवतो. पट्टी नसेल तर निदान सर्वांत कमी वापरलेली चावी नमुना म्हणून द्या, रोजची नव्हे.

चावी फिरत नसेल तर दोष दर वेळी चावीचा नसतो. मलबार हिल किंवा पेडर रोडच्या चढावर चाक फुटपाथला टेकवून गाडी लावली की स्टीअरिंग लॉकवर ताण येतो. डाव्या हाताने स्टीअरिंग जरासं दोन्ही बाजूंना हलवत उजव्या हाताने चावी हलकेच फिरवा, सुटते. ऑटोमॅटिक गाडीत चावी बाहेर येत नसेल तर गिअर पार्कवर आहे का ते आधी बघा.

दाराचं लॉक जड झालं की आपल्याकडे खोबरेल तेल सोडायची सवय आहे. तेलावर धूळ बसते, त्यात समुद्राची दमट हवा, आणि दोन महिन्यांत आत चिकट लगदा तयार होतो. ग्रॅफाइटची कोरडी पूड चिमूटभर पुरते. इग्निशनमध्ये मात्र स्वतःहून काही ओतू नका, तिथे जवळच विजेचे जोड असतात.

सेल आणि पाणी

रिमोट जवळूनच चालतो, लांबून नाही, असं झालं की सेल उतरलाय. सेलवरचा आकडा वाचून तोच आणा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ चाही व्यास तोच, पण जाडी २.५. दोन्ही तीन व्होल्टचे, म्हणून दुकानदार "चालेल" म्हणतो. जाडच्या जागी पातळ सेल चालतो, पण सैल बसतो आणि खड्ड्यातून गाडी गेली की रिमोट बंद. नवीन सेल कडेने धरा, बोटाचं तेल त्याला लागू देऊ नका.

घरात लहान मूल असेल तर जुना सेल टेबलावर ठेवू नका. मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात न्या.

पावसात चावी भिजली की ती लगेच दाबून बघायचा मोह आवरा. आधी सेल काढा. पाण्यात सेल लावलेला राहिला की सर्किटवर हिरवट गंज चढतो, आणि तुंबलेल्या रस्त्यावरचं पाणी तर गढूळ आणि क्षारांचं असतं. सर्किट मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पंख्याखाली दिवसभर वाळू द्या. तांदळाच्या डब्यात ठेवून गंज जात नाही, उलट पिठूळ धूळ आत जाते. हेअर ड्रायरच्या गरम झोताने प्लास्टिक वाकतं.

बटणाने सुरू होणाऱ्या गाडीच्या चावीचा सेल संपला तर घाबरू नका. तिच्या पोटात एक साधं पातं लपवलेलं असतं, त्याने दार उघडा. मग चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक (हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर क्लचही) दाबा आणि गाडी सुरू करा. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते.

हरवलेली चावी, वॉचमनकडची चावी

तुटलेली चावी आपल्या हातात असते, हरवलेली दुसऱ्या कोणाच्या तरी. म्हणून नवीन चावी प्रोग्राम करताना जुनीचा क्रमांक गाडीच्या मेमरीतून पुसून घ्या. हे मागून घ्यावं लागतं, आपणहून कोणी करतंच असं नाही. पुसल्यावरही जुनं पातं दार उघडू शकतं, त्यामुळे कागदपत्रं आणि लॅपटॉप गाडीत ठेवू नका. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूची नोंद करता येते, ती करून प्रत जपून ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एकच देता आली की प्रश्न सुरू होतात, आणि तेव्हा ती नोंद कामी येते. चावी बदलण्याचा खर्च देणारं जादा संरक्षण काही पॉलिसींत असतं. नवीन चावीचे पैसे भरण्याआधी आपली पॉलिसी वाचा, नंतर नव्हे.

आपल्याकडे जुन्या इमारतींत एकामागे एक गाड्या लावतात आणि मागची काढता यावी म्हणून चावी वॉचमनकडे राहते. दुसरा इलाज नसतो हे मला माहीत आहे. पण ती चावी खिळ्यावर, गाडीचा नंबर लिहून, रस्त्यावरून दिसेल अशी टांगू नका. त्यावर फ्लॅट नंबर लिहा किंवा रंगीत दोरा बांधा. घराच्या चाव्या त्याच जुडग्यात देऊ नका. वॉचमन बदलला की चावी परत आली का ते स्वतः बघा.

चावीवाला निवडताना मी एकच गोष्ट बघतो. तो आरसी बुक आणि ओळखपत्र मागतो का? मागत असेल तर राग मानू नका, हाच माणूस विश्वासाचा. काही न विचारता चावी करून देणारा उद्या तुमच्या गाडीचीही कोणालाही करून देईल. प्रोग्रामिंग चालू असताना तिथेच थांबा, आणि गाडीची बॅटरी अशक्त असेल तर आधी चार्ज करून घ्या. मध्येच व्होल्टेज पडलं तर चालू असलेली चावीही गाडी ओळखेनाशी होऊ शकते.

शेवटची चूक आपल्या कपाटात असते. दुसरी चावी वर्षानुवर्षं तिथे पडून राहते, तिचा सेल तिथेच संपतो आणि गरज पडते तेव्हा ती चालत नाही. एक चावी चालू असताना दुसरी करणं सोपं असतं. दोन्ही गेल्या की काही गाड्यांना कंपनीकडून कोड मागवावा लागतो आणि दिवस मोडतात. या रविवारी ती दुसरी चावी काढा, तिने दार उघडा, गाडी सुरू करा आणि दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा. बंद पडलं तर सोमवारीच चावीवाल्याकडे जा, पहिली चावी खिशात आहे तोवर.