मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर व्याख्यान तयार करताना

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढलेल्या किंग यांच्यावरील व्याख्यानाची सुरुवात १९६३ च्या वॉशिंग्टनमधील 'माझे एक स्वप्न आहे' या भाषणाने करू नये. ते बहुतेकांना ठाऊक असते आणि त्यातून किंग म्हणजे केवळ प्रभावी वक्ते, असा समज होतो. त्याऐवजी डिसेंबर १९५५ मधील, अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहराकडे वळावे. बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेच्या अटकेनंतर तेथील कृष्णवर्णीयांनी किंग यांच्या नेतृत्वाखाली शहरबसवर ३८१ दिवस बहिष्कार टाकला. त्या काळात पायपीट करणारे कामगार आणि खासगी मोटारींच्या फेऱ्यांची आखलेली व्यवस्था यांचे वर्णन सविस्तर करावे, कारण अहिंसक लढा अशाच व्यवस्थेवर तगतो. मग एप्रिल १९६३ मध्ये किंग यांनी त्याच राज्यातील बर्मिंगहॅमच्या तुरुंगात, प्रारंभी वर्तमानपत्राच्या समासात लिहिलेले पत्र मुळातून वाचावे आणि त्यातील वस्तुस्थितीची शहानिशा, वाटाघाटी, आत्मशुद्धी व प्रत्यक्ष कृती या पायऱ्या त्याच क्रमाने मांडाव्यात. १९६४ चा नागरी हक्कांचा व १९६५ चा मतदान हक्कांचा असे दोन कायदे थोडक्यात उरकले तरी चालेल. १९५९ च्या भारतभेटीत ते मुंबईच्या मणिभवनात, म्हणजे गांधीजी मुंबईत जेथे उतरत त्या घरात, राहिले होते, हे अवश्य सांगावे. मात्र त्यांना गांधीजींची नक्कल म्हणून रंगवू नये. मेम्फिसमधील सफाई कामगारांचा संप, ज्याच्या पाठिंब्यासाठी गेले असता ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची हत्या झाली, त्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा.