एक्स-रे, सीटीच्या कामात नवीन असाल तर बटण दाबायच्या आधीचं बघा

रेडिओलॉजी टेक्निशियनचा कोर्स करणारी मुलं-मुली विचारत असतात की सुरवात कुठून करू, सीटीवर लगेच उभं करतात का वगैरे. मी आधी बरीच वर्षं एक्स-रेला होते, आता सीटीला असते, तर मला पहिल्या महिन्यात जे कुणीतरी सांगायला हवं होतं ते सांगते.

एक कॉलेजची मुलगी आली होती, महिनाभर खोकला, छातीचा फोटो काढायचा होता (पेशंट एक्स-रे कमी म्हणतात, फोटोच म्हणतात). मी गळ्यातली चेन काढायला लावली, उभं केलं, एक्स्पोजर दिलं. इमेज आली तर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढुरका पट्टा. टीबीसुद्धा बऱ्याचदा वरच्याच भागात दिसतो, माझ्या पोटात गोळा आला. सीनियर मॅडमनी एक नजर टाकली आणि विचारलं, "वेणी कुठंय तिची?" जाड, ओली वेणी खांद्यावरून पुढे आलेली. वर बांधायला लावून परत काढला तर फुप्फुस एकदम स्वच्छ. पण तिला रेडिएशन दोनदा गेलं आणि ते माझ्यामुळे गेलं, हे मला अजून टोचतं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, मशीन चालवायला महिन्याभरात येतं हो, रिपीट न होऊ देणं शिकायला वेळ लागतो.

थिअरी थोडक्यात अशी की ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आपटतात, त्यातली जेमतेम १ टक्का ऊर्जा एक्स-रे होते, बाकी सगळी उष्णता, म्हणून सकाळी ट्यूब वॉर्मअप करायचा कंटाळा करू नका. केव्हीपी म्हणजे किरणांची भेदायची ताकद, एमएएस म्हणजे किरण किती. हाडात कॅल्शियम, ते किरण अडवतं म्हणून पांढरं, हवेतून आरपार जातात म्हणून फुप्फुस काळं. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पूर्वी फिल्मवर एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी पडायची, चूक लगेच कळायची. आता डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर सगळं सावरून घेतं, इमेज छान दिसते आणि पेशंटला डोस जास्त गेलेला कुणाला कळतच नाही, त्यामुळे एक्स्पोजर इंडेक्स (डिटेक्टरवर, म्हणजे इमेज टिपणाऱ्या पाटीवर, किती किरण पोचले ते सांगणारा आकडा) बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

छातीच्या पीए व्ह्यूला (किरण पाठीकडून पुढे जातात तो फोटो) पेशंटची छाती डिटेक्टरला चिकटवायची, ट्यूब मागे ६ फुटांवर, कारण हृदय पुढच्या बाजूला असतं, ते डिटेक्टरच्या जवळ राहिलं की उगाच मोठं दिसत नाही. हात कमरेवर, खांदे पुढे, म्हणजे खांद्याची हाडं फुप्फुसावरून बाजूला सरकतात. श्वासाचं मात्र सगळ्यात अवघड, "श्वास घ्या" म्हटलं की अर्धे लोक पोट आत ओढतात आणि "रोखा" म्हणेपर्यंत सोडूनही देतात, तर आधी स्वतः घेऊन दाखवा, एकदा त्यांच्याकडून करून घ्या, मग काचेमागे जा. उजवी-डावी बाजू दाखवणारा आर-एलचा मार्कर विसरू नका. बाई गरोदर नाही ना हे कळायला पाळीची तारीख विचारायची ती सासू, भाऊ, नवरा बाहेर थांबवून विचारा, सगळ्यांसमोर खरं उत्तर मिळतंच असं नाही.

सीटीत ट्यूब पेशंटभोवती फिरते, समोर डिटेक्टर, आणि कॉम्प्युटर प्रत्येक बिंदूला एक आकडा देतो. हॉन्सफिल्ड युनिट म्हणतात त्याला, आकडा जितका मोठा तितकं ते पांढरं दिसतं, पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, ताजं गोठलेलं रक्त साधारण ५० ते ७०. गॉडफ्रे हॉन्सफिल्डच्या मशीनवर लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या पेशंटचा मेंदू स्कॅन झाला, त्यांचंच हे नाव. लकव्याचा पेशंट आला की आधी साधा सीटी का करतात हे यातूनच कळेल. रक्तस्राव लगेच पांढरा दिसतो, पण गुठळीने झालेला लकवा पहिल्या काही तासांत सीटीवर दिसेलच असं नाही, आणि डॉक्टरांना गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायच्या आधी रक्तस्राव नाही एवढं नक्की करायचं असतं. अशा वेळी टेबलवर डोकं सरळ ठेवणं, पट्टा नीट बांधणं हे तुमच्या हातात असतं, डोकं हललं की मिनिटं वाया जातात.

कॉन्ट्रास्ट (इमेजमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) असेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि ॲलर्जी विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. "अंगात एकदम गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल, पण होत नाही, लगेच जातं" हे आधी सांगितलं नाही तर पेशंट घाबरून उठून बसतो आणि अख्खा स्कॅन जातो. छातीच्या फोटोला डोस ०.१ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) किंवा त्याहून कमी, छातीच्या सीटीला साधारण ५ ते ७, तेव्हा सीटीचा रिपीट किती महाग पडतो बघा.

स्वतःचा टीएलडी बॅज (आपल्याला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा) छातीवर, लेड ॲप्रनच्या आत लावा. ॲप्रनची घडी घालू नका, आतून चिरा पडतात, टांगूनच ठेवा.

आणि रिजेक्ट झालेल्या इमेजेस मशीनमध्ये राहतात त्या आठवड्यातून एकदा सीनियरसोबत उघडून बघा, पेशंटचं नाव न लिहिता फक्त कारण वहीत लिहा, हललं, श्वास, मार्कर, बांगडी. माझ्या वहीत पहिल्या ओळीत "वेणी" लिहिलंय.