यूट्यूबवरील नकोशा शॉर्ट्सना आवर कसा घालावा

बेळगावच्या शहापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी आषाढातल्या एका सकाळी मला हाक मारली, फोन पुढे केला आणि विचारले, ‘‘मी अभंगच लावते की रे; मग हे नाच कुठनं येतात?’’ फोन हातात घेतला तेव्हा हरिपाठाच्या व्हिडिओखाली शॉर्ट्सची, म्हणजे यूट्यूबवरील छोट्या उभ्या व्हिडिओंची, पट्टी दिसत होती. तीत एक कन्नड विनोदी प्रसंग, दोन नाच, क्रिकेटचा एक झेल आणि सीमाप्रश्नावर घसा फोडून बोलणारा एक तरुण, असे सगळे शेजारी शेजारी बसले होते. आजींनी यांतले काहीही शोधले नव्हते. त्या दिवशी त्यांच्या फोनवर जे केले आणि पुढे आठ दिवसांनी जे पुन्हा करावे लागले, तेच येथे क्रमाने मांडले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या घरांत एकाच फोनवर मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषा चालतात, त्यामुळे आपल्याकडे हा गुंता अंमळ जास्तच होतो. मेनूतील नावे बहुतेकांच्या फोनवर इंग्रजीत दिसतात, म्हणून तीच नावे देवनागरीत दिली आहेत.

भारतात २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सचा पहिला प्रयोग भारतातच सुरू केला. आधी ६० सेकंदांची असलेली मर्यादा १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत वाढली. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे शोधाच्या वेळी तो उपयोगी पडतो. शॉर्ट्स मुळापासून बंद करणारे एकच बटण साध्या खात्यात शोधत बसू नये. आपल्या हाती आहे ते त्यांचे प्रमाण कमी करणे आणि आपल्या वाटेत त्यांना येऊ न देणे.

पहिले काम बटणांचे नसून खात्याचे आहे. यूट्यूब माणसाला ओळखत नाही, खात्याला ओळखते. आजींचा फोन दुपारी नातवाच्या हातात असतो, संध्याकाळी सुनेच्या, आणि तिघांनीही जे पाहिले ते एकाच खात्याच्या नावावर जमा होते. अशा फोनवर ‘हे नको’ असे कितीही वेळा सांगितले तरी दुपारी नातू ते पुन्हा ‘हवे’ करून ठेवतो. म्हणून प्रत्येकासाठी वेगळे गूगल खाते जोडावे आणि यूट्यूबमध्ये उजवीकडे खाली असलेल्या स्वतःच्या चित्रावर जाऊन ‘स्विच अकाउंट’ने खाते बदलण्याची सवय लावावी. एवढे जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती फोन देताना त्याच जागेवरून ‘इनकॉग्निटो’ चालू करून द्यावा, म्हणजे त्या वेळात पाहिलेले इतिहासात जात नाही. मात्र ९० मिनिटे काही हालचाल झाली नाही तर ती अवस्था आपोआप संपते, हे ध्यानात असू द्यावे.

त्यानंतर इतिहास साफ करावा. बहुतेक लोक हे काम शेवटी करतात किंवा करतच नाहीत. माझ्या मते ते बटणांच्या आधी व्हायला हवे, कारण शिफारशींचे पीक याच मातीतून उगवते. स्वतःच्या चित्रावरून ‘हिस्टरी’ उघडली की पाहिलेले व्हिडिओ दिसतात. शॉर्ट्सची रांग तेथे वेगळी मांडलेली असते. एखाद्याच्या शेजारचे तीन ठिपके दाबून ‘रिमूव्ह फ्रॉम वॉच हिस्टरी’ केले की तो खोडला जातो. शेकडो खोडायचे असतील तर ‘सेटिंग्ज’मधील ‘मॅनेज ऑल हिस्टरी’ या ठिकाणी जाऊन आजचा, ठरावीक काळातला किंवा सगळा इतिहास एकदम काढता येतो. तेथेच तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांनंतर जुना इतिहास आपोआप पुसण्याची सोय आहे. आजींच्या बाबतीत आम्ही सगळा इतिहास पुसला आणि लगेच त्यांच्या आवडीचे पाच-सहा अभंग शोधून शेवटपर्यंत चालू ठेवले, जेणेकरून कोऱ्या पाटीवर पहिली अक्षरे त्यांचीच उमटावीत.

ज्यांना शिफारशीच नको असतील त्यांनी त्याच पानावरील ‘कंट्रोल्स’मध्ये जाऊन इतिहास नोंदवणेच बंद करावे. जुना इतिहास पुसून पुढची नोंद बंद केली की यूट्यूबचे पहिले पान जवळपास रिकामे दिसते. ऑगस्ट २०२३ पासून ही पद्धत लागू आहे. शॉर्ट्सच्या टॅबवरही शिफारशी बंद असल्याची सूचना येते. याची किंमत अशी की अर्धवट सोडलेले कीर्तन पुढे कोठून ऐकायचे, हे फोन लक्षात ठेवत नाही. माझ्या स्वतःच्या फोनवर गेले कित्येक महिने इतिहास बंदच आहे आणि मला त्याची अडचण जाणवलेली नाही, परंतु आजींना मात्र रोज तेथूनच पुढे ऐकायचे असते, म्हणून त्यांच्या फोनवर तो चालू ठेवला.

आता बटणांकडे वळू. पहिल्या पानावरील शॉर्ट्सच्या पट्टीच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात. तेथे ‘शो फ्युअर शॉर्ट्स’ हा पर्याय दिसल्यास तो निवडावा. त्याचा परिणाम कायमचा नसतो, पट्टी पुन्हा डोके वर काढते, तेव्हा ते पुन्हा करण्याची तयारी हवी. एखादा शॉर्ट उघडलाच, तर त्यावरील तीन ठिपक्यांत ‘नॉट इंटरेस्टेड’ आणि ‘डोन्ट रेकमेंड धिस चॅनल’ असे दोन पर्याय मिळतात. लोक पहिला दाबतात आणि फरक पडत नाही म्हणून वैतागतात. फायरफॉक्स ब्राउझरमागील मोझिला फाउंडेशन या संस्थेने २०२२ मध्ये वीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या नोंदी तपासून यूट्यूबच्या या बटणांचा हिशेब मांडला होता. त्यात ‘नॉट इंटरेस्टेड’मुळे नकोशा शिफारशी सुमारे ११ टक्के आणि ‘डिसलाइक’मुळे १२ टक्के एवढ्याच टळल्या, इतिहासातून काढल्यामुळे २९ टक्के, तर चॅनल नाकारल्यामुळे ४३ टक्के टळल्या. तेव्हा अंगठा खाली करण्यात वेळ न घालवता चॅनलच नाकारावा, आणि निम्म्याहून अधिक तरीही येणारच हे गृहीत धरून चालावे.

या ठिकाणी आपल्या भागातल्या वाचकांसाठी थोडे थांबतो. ‘नॉट इंटरेस्टेड’ या बटणाला आपण नेमके कशाला कंटाळलो आहोत हे कळत नाही. कन्नड नाच नाकारताना आपल्या मनात नाच असतो की कन्नड, हे आपल्यालाच ठाऊक. घरात मराठी माध्यमात शिकणारे मूल असेल तर त्याला शाळेत कन्नडही असते आणि कन्नड व्याकरणाचे लांब व्हिडिओ त्याला उपयोगाचेच असतात. समोर आले ते कन्नड म्हणून सरसकट नाकारत सुटल्यास तेही दुरावू शकतात. म्हणून भाषा पाहून नाकारू नये, चॅनल पाहून नाकारावे. दुसरा एक गैरसमजही वारंवार कानी पडतो, की ‘लोकेशन’ बदलून महाराष्ट्र केले की सगळे मराठीच येईल. त्या यादीत केवळ देश निवडता येतो. राज्य किंवा जिल्हा तेथे नसतोच.

नोव्हेंबर जवळ येऊ लागला की वेगळाच प्रकार सुरू होतो. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस असतो, त्यामुळे डिवचणाऱ्या शॉर्ट्सना दोन्ही बाजूंनी ऊत येतो. असा शॉर्ट समोर आला की आपण थांबतो, पुन्हा पाहतो, खाली चाललेली भांडणे वाचतो आणि कधी कधी स्वतःही चार शब्द सुनावतो. शॉर्ट्स बनवणाऱ्यांना आपला व्हिडिओ किती जणांनी थांबून पाहिला आणि किती जणांनी सरकवून टाकला, याचे आकडे दिसतात, आणि यंत्रणेच्या लेखीही थांबणे म्हणजे आवडणेच. तुम्ही रागाने थांबलात की कौतुकाने, हा भेद तिच्यापाशी नाही. म्हणून न थांबता वर सरकवणे आणि तोच चॅनल पुन्हा दिसला तर नाकारणे, एवढेच करावे. व्हिडिओत खरोखर हिंसेची चिथावणी असेल तर ‘रिपोर्ट’ करावे, निव्वळ नावडते मत असेल तर करू नये. व्ह्यूजच्या संख्येनेही दबून जाऊ नये: ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की प्रत्येक वेळी एक व्ह्यू मोजला जातो.

शोधतानाची युक्ती सोपी आहे. वडगावातील एका विणकर मित्राला यंत्रमागाच्या दुरुस्तीची माहिती हवी होती आणि त्याच्या समोर येत होते ते मागाच्या खडखडाटावर गाणे लावलेले तुकडे. शोध घेतल्यानंतर वरच्या ‘फिल्टर’मध्ये जाऊन कालावधी वीस मिनिटांहून अधिक निवडला की तीन मिनिटांचे शॉर्ट त्यात बसूच शकत नाहीत. तसेच एखाद्या चॅनलच्या पानावर ‘व्हिडिओज’ आणि ‘शॉर्ट्स’ असे वेगळे कप्पे असतात. थेट पहिल्या कप्प्यात जावे.

शिक्षकांनी पालकांच्या गटात पाठवलेली लिंक पुष्कळदा शॉर्टचीच असते, आणि ती उघडली की मूल धड्यावरून अंगठ्याच्या एका झटक्यात भलत्याच ठिकाणी पोहोचते. संगणकावर असाल तर पत्त्याच्या ओळीतील ‘शॉर्ट्स’ हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढची तिरकी रेघ खोडावी आणि त्या जागी ‘वॉच’ हा शब्द, प्रश्नचिन्ह, ‘व्ही’ हे अक्षर व बरोबरचे चिन्ह लिहावे. तोच व्हिडिओ साध्या खिडकीत उघडतो आणि खाली सरकवून पुढचा येण्याचा प्रश्न उरत नाही. संगणकावरील ब्राउझरसाठी शॉर्ट्स लपवणारी एक्स्टेन्शनही, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्रामही, मिळतात. त्यांना आपण उघडलेले पान वाचण्याची परवानगी द्यावी लागते, म्हणून माहितीचे आणि पुष्कळ लोक वापरत असलेलेच निवडावे. ‘शॉर्ट्स नसलेले यूट्यूब’ म्हणून व्हॉट्सॲपवरून फिरणारी फाइल मात्र मुळीच घालू नये. माझ्या एका नातलगाच्या फोनवर एका दुरुस्तीच्या दुकानात असे ॲप घालून दिले गेले आणि त्यानंतर स्क्रीनभर जाहिराती उगवू लागल्या. शेवटी फोन पूर्ण पुसून पुन्हा नव्याने उभा करावा लागला.

ज्यांना वेळेचे बंधन हवे आहे त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२५ पासून मोबाइल ॲपमध्ये शॉर्ट्सची दैनंदिन मर्यादा ठरवता येते. ‘सेटिंग्ज’मध्ये वेळेच्या नियोजनाच्या भागात ती सापडते. मर्यादा संपली की सूचना येते, पण मोठ्यांना ती बाजूला सारता येते, म्हणजे कुलूप लावून किल्ली कुलपालाच अडकवून ठेवल्यासारखे. पालकांच्या देखरेखीखालील मुलांच्या खात्यांत मात्र ती मुलाला हटवता येत नाही, आणि ती शून्यावर आणण्याची सोय जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झाली. शाळकरी मुलांसाठी याइतका सरळ उपाय दुसरा नाही.

आजींसाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट वेगळीच होती. अँड्रॉइड फोनवर यूट्यूबचे चिन्ह दाबून धरले की एक छोटी यादी उघडते. तीत ‘सबस्क्रिप्शन्स’ असते. ते बोटाने ओढून पडद्यावर आणले की त्याचे स्वतंत्र चिन्ह तयार होते. त्यावरून ॲप उघडले की पहिले पान लागतच नाही, थेट आपण निवडलेल्या चॅनलांची यादी समोर येते. जे चॅनल ‘सबस्क्राइब’ केले आहेत त्यांचे शॉर्ट्स तेथेही दिसतात, म्हणून भाराभर चॅनल न ठेवता आजींच्या यादीत आम्ही फक्त सातच ठेवले.

आठ दिवस सगळे ठीक चालले आणि नवव्या दिवशी आजींनी पुन्हा हाक मारली; नाच परत आले होते. फोन तपासला तर इतिहासात त्याच दुपारचे चाळीसेक शॉर्ट्स होते, आणि फोन तर दिवसभर आजींच्या कनवटीलाच होता. मग लक्षात आले की बैठकीतल्या टीव्हीवरही आजींचेच खाते जोडलेले आहे आणि शाळेतून आल्यावर नातू तेथे बसतो. टीव्हीवरील यूट्यूबच्या खात्यांच्या पानावर जाऊन आजींचे खाते काढले, नातवासाठी पाहुणा म्हणून पाहण्याचा पर्याय लावून दिला आणि त्या दुपारचे चाळीस शॉर्ट्स इतिहासातून खोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी हरिपाठाखाली फक्त हरिपाठच होता.