फेरस सोल्युशन पिवळं पडतंय? या चुका टाळा

फेरसचं, म्हणजे Fe²⁺ रूपातल्या लोहाचं, सोल्युशन बनवून ठेवलं, दोन-तीन दिवसांनी बघितलं तर फिकट हिरवा रंग जाऊन पिवळट झालेलं, आणि मग सगळ्यांचा एकच प्रश्न, अरे ॲसिड तर टाकलं होतं ना! टाकलं असेल, पण ॲसिडने ऑक्सिडेशन (हवेतल्या ऑक्सिजनने फेरसचं पिवळट फेरिक, म्हणजे Fe³⁺, होणं) थांबत नाही, फक्त खूप हळू होतं. पीएच 5 च्या वर असेल तर पीएच एकाने वाढला की ऑक्सिडेशनचा वेग जवळपास 100 पट होतो, आणि 3 च्या खाली गेलं की हीच रिॲक्शन इतकी रेंगाळते की रोजच्या कामात जाणवतही नाही. जाणवली तर समजायचं की कुठेतरी आपलंच चुकलंय.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे क्रम. मीही सुरुवातीला हेच करायचो, मोहर्स सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) आधी साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचं आणि ॲसिड नंतर. नीट बघितलं तर खडे विरघळताना तळाशी हलकी पिवळसर गढूळ रेघ उठते, ते फेरिक हायड्रॉक्साइड असतं. मग ॲसिड टाकलं की गढूळपणा जातो, सोल्युशन छान स्वच्छ दिसतं, आणि आपल्याला वाटतं चला निस्तरलं. निस्तरलेलं काहीच नसतं, हायड्रॉक्साइड विरघळलं पण लोह फेरिकच राहिलं, ॲसिड त्याला परत फेरस करत नाही. त्यामुळे आधी पाण्यात डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड, मग सॉल्ट, आणि शेवटी फ्लास्कवरच्या मार्कपर्यंत पाणी.

पाणी उकळून थंड केलेलं घ्या. हवेत उघड्या ठेवलेल्या पाण्यात 25 डिग्रीला लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो आणि ऑक्सिजनचा एक रेणू चार फेरस खातो, म्हणजे 250 मिलीमध्ये 9.8 ग्रॅम मोहर्स सॉल्ट घेऊन 0.1 मोलर केलं तर नुसता पाण्यातला ऑक्सिजनच शेवटी 1 टक्का फेरस संपवू शकतो. पण उकळायचं ते पाणी, सॉल्ट टाकलेलं सोल्युशन नाही! विरघळत नाही म्हणून लोक गरम करत बसतात आणि उष्णतेने ऑक्सिडेशन अजून पळतं.

कुठलं ॲसिड, हेही महत्त्वाचं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर आहे, ते चुकूनही नको. हायड्रोक्लोरिक फेरस साठवायला चालतं, पण परमँगनेटने टायट्रेशन करणार असाल (म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब परमँगनेट टाकून फेरस मोजणार असाल) तर क्लोराइडही थोडं ऑक्सिडाइज होतं आणि ब्युरेटचं रीडिंग जास्त येतं. उलट फेरस आधीच हवेने खाल्लं असेल तर रीडिंग कमी येतं. फ्लास्कमध्ये तपकिरी साका दिसला तर ॲसिड कमी पडलंय, तो मँगनीज डायऑक्साइड आहे, ते रीडिंग सोडून द्या.

रंगावरून अंदाज बांधू नका, यात भले भले फसतात. हायड्रोक्लोरिकमध्ये थोडंसं फेरिकही चांगलं पिवळं दिसतं, सल्फ्युरिकमध्ये तेवढंच फेरिक फिकट दिसतं आणि फॉस्फोरिक घातलं तर रंग जवळपास जातोच. पांढऱ्या टाइलवर एक थेंब सोल्युशन, त्यात एक थेंब थायोसायनेट, लाल झालं की फेरिक आहे. शेजारी नुसत्या ॲसिडचा थेंबही तसाच करून बघा, कारण ॲसिडमध्येच लोहाचा अंश असेल तर तोही गुलाबी होतो, आणि लगेच बघा, थेंब हवेत राहिला की रंग आपोआप गडद होत जातो.

खाणीतल्या ॲसिडिक पाण्याचं सॅम्पल असेल तर मात्र वरचा हिशोब लागू होत नाही. त्यात लोह खाऊन जगणारे बॅक्टेरिया असतात, 1970 साली सिंगर आणि स्टम यांनी दाखवलं की ते ऑक्सिडेशन दहा लाख पटीपर्यंत वाढवू शकतात, म्हणजे पीएच कमी आहे म्हणून बाटली निवांत ठेवली आणि आठवड्याने फेरस मोजलं तर तो आकडा त्या पाण्याचा नाहीच. सॅम्पल तिथेच 0.2 मायक्रॉन फिल्टरमधून काढा, लगेच ॲसिड टाका, बाटली काठोकाठ भरून अंधारात थंड ठेवा. अंधार अशासाठी की उजेडात उलटंही होतं, फेरिकचं फेरस व्हायला लागतं.

स्टॉक सोल्युशन पिवळं पडू नये म्हणून काही जण त्यात लोखंडाचा खिळा टाकतात. फेरिक परत फेरस होतं हे खरं, पण खिळाही विरघळतो, एकूण लोह वाढतं आणि ॲसिड संपत जातं. रंगाच्या टेस्टसाठी ठीक आहे, टायट्रेशनच्या सोल्युशनमध्ये टाकू नका, ते त्याच दिवशी ताजं बनवा.