परड्यातली भाजी दसऱ्याला सुरू करा

मृग लागला की आमच्या बेळगावात ज्याला त्याला बी पेरायची घाई होते. मेथी, कोथिंबीर, पालक, टोमॅटो, सगळ्याची पाकिटं एकदम घरी येतात आणि आषाढात त्यातलं निम्मं कुजून जातं. मग माणूस म्हणतो, माझ्या हाताला यश नाही. हाताचा काही दोष नसतो हो. आषाढ-श्रावणात आपल्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. उन्हावाचून मेथी उंच वाढते, फिकट पडते आणि एका सरीत आडवी होते. म्हणून पहिल्यांदाच भाजी लावणाऱ्याला मी आग्रहानं सांगते, सुरुवात दसऱ्याला करा. हस्ताचा पाऊस सरत आलेला असतो, जमिनीत ओल असते, ऊन स्वच्छ असतं आणि पुढे संक्रांतीपर्यंत थंडी. या तीन-साडेतीन महिन्यांत जे येतं ते नवख्या माणसालाही उमेद देतं.

हे सगळं खानापूर-बेळगाव पट्ट्याचं सांगते आहे. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर वडगावचं, दोन्हीकडे लाल माती आणि भरपूर पाऊस. माझी नणंद अथणीला असते. तिथं काळी माती, पाऊस बेताचा, त्यामुळे तिच्या परड्यात जूनची पेरणी छान साधते आणि तिला जपावं लागतं ते मार्चनंतरच्या उन्हाला. अथणी-रायबागकडच्यांनी तेवढा फरक धरूनच पुढचं वाचावं.

घरात घट बसवत असाल तर बियांची परीक्षा तिथेच घ्या. घटाच्या मातीत धान्याबरोबर कडेला आपल्या पेरायच्या बियांचे दहा-दहा दाणे टाका. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, वाटाण्याला आठवडा लागतो. दहातले सात उगवले तर बी चांगलं. चारच आले तर ते बी दाट पेरा किंवा नवीन आणा.

आता माती. आपली लाल माती पावसात चिकटते आणि उन्हात दगडासारखी होते, तिला मोकळं करावं लागतं. मी दोन पाट्या मातीला एक पाटी कुजलेलं शेणखत आणि अर्धी पाटी भाताचा तूस घालते. तूस भाताच्या गिरणीत मिळतो. शेणखत ताजं घेऊ नका, त्यात हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळं खाऊन टाकतात. खत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास जाऊन ओल्या मातीचा वास येत असेल तरच ते तयार झालं. ऊसपट्ट्यात नातेवाईक असतील तर साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, आणि उसाचं पाचट मागून घ्या. प्रेसमड ताजं असताना आतून गरम असतं, ते दोन-तीन महिने कुजवूनच वापरायचं. पाचट झाडाच्या बुडाशी वीतभर जाडीचं पसरलं की ओल टिकते आणि तण उगवत नाही.

वाफा तीन फुटांपेक्षा रुंद करू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. उंची वीतभर तरी हवीच. कडेला जांभ्याचे फुटके चिरे लावले की माती वाहत नाही. पावसाचं पाणी वाफ्यात थांबू न देणं हे आपल्या भागातलं अर्धं काम आहे, आणि ते दसऱ्याआधी करून ठेवायचं.

पहिली पेरणी मेथीची. सगळा वाफा एकदम पेरू नका, दर आठवड्याला हातभर पट्टा पेरा, म्हणजे भाजी सलग मिळते. बी रात्रभर भिजवून, बोटभर अंतराच्या ओळीत, अर्धा इंच खोल. वरून पाणी झारीनंच द्यायचं, धारेनं बी एका कोपऱ्यात जमा होतं. तीन-साडेतीन आठवड्यांत भाजी उपटायला येते. कोथिंबिरीला धणे लाटण्यानं हलके दाबून दोन फाकी करायच्या, मग भिजवायचे. अख्खा धणा पेरला तर उगवण उशिरा आणि विरळ होते. कोथिंबीर सव्वा-दीड महिना घेते, तिच्यामागे घाई करू नका.

नवलकोल ही बेळगावच्या थंडीची खास भाजी. रोप पंचवीस-तीस दिवसांचं झालं की वीत-वीत अंतरावर लावायचं, दोन महिन्यांत गड्डा येतो. तो टेनिसच्या चेंडूएवढा व्हायच्या आधीच काढा, नंतर आत दोरे होतात आणि कितीही शिजवला तरी खाववत नाही. पाला टाकू नका, भरपूर लसूण घालून त्याची पातळ भाजी उत्तम होते. वाटाणा दिवाळीच्या आसपास पेरायचा, आधाराला काटक्या रोवायच्या. जानेवारीअखेर त्याच्या पानावर पिठासारखी भुरी येते. आंबट ताक दहापट पाण्यात गाळून, सकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारलं तर ती आटोक्यात राहते, पण पहिला ठिपका दिसताच फवारायला हवं. टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं काढून खोड पहिल्या फांदीपर्यंत मातीत गाडा. गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात आणि झाड दणकट होतं.

वांग्याचा शेंडा एकदम मान टाकतो, तेव्हा पाणी कमी पडलं असं वाटतं. बोटानं खोड चिरून बघा, आत बारीक अळी असते. सुकलेला भाग दोन बोटं खालून कापा आणि जाळा, कचऱ्यात टाकू नका. हे दर दोन दिवसांनी बघितलं तर फवारणीची गरज फारशी पडत नाही. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबणाचा फेस घालून संध्याकाळी मारा. निपाणीकडे तंबाखूचा काढा मारायची सवय आहे. घरच्या भाजीवर तो मारू नका. तो विषारी आहे, आणि टोमॅटो, मिरची, वांगी ही तंबाखूच्याच कुळातली असल्यामुळे तंबाखूवरचा विषाणूजन्य रोग त्यांना लागू शकतो. तंबाखू हाताळलेला हातसुद्धा साबणानं धुऊनच रोपाला लावावा.

महिन्यातून दोनदा जीवामृत द्या. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर परड्यातलीच माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, मग दहापट पाणी घालून बुडाशी ओतायचं. गूळ काळा, स्वस्तातला चालतो.

शिमग्यानंतर राकसकोप धरणाची पातळी उतरू लागते आणि नळाची पाळी लांबते. तेव्हा पालेभाज्यांचा हट्ट सोडा. भेंडी, चवळी, लाल माठ एवढंच ठेवा. भेंडीत बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं अर्का अनामिका हे वाण मागा. पानांच्या शिरा पिवळ्या पडणाऱ्या रोगाला ते बऱ्यापैकी तोंड देतं, आणि उन्हाळ्यात पांढऱ्या माशीमुळे तोच रोग जास्त येतो. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वाया घालवू नका. मोरीचं पाणी अळूच्या आणि केळीच्या बुडाला सोडा, पण साबणाचं पाणी पालेभाजीला देऊ नका.

मेच्या अखेरीला वळीव पडला की दोडका आणि पडवळ लावायचं. मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत वेल मांडवावर चढला पाहिजे. कोवळ्या फळावर जुन्या वर्तमानपत्राची पिशवी बांधली तर फळमाशी डंख मारू शकत नाही. किडलेलं फळ मातीत पडू देऊ नका, अळ्या तिथेच कोषात जातात. रताळ्याच्या वेलाचे वीत-दीड वीत लांबीचे तुकडे मृगात वरंब्यावर लावा, दोन-तीन डोळे मातीत जायला हवेत. वेल पसरला की अधूनमधून उचलून उलटवायचा, नाहीतर प्रत्येक डोळ्याला मुळं फुटतात आणि बुडाशी रताळी पोसत नाहीत. चार महिन्यांनी खणायची. पावटाही याच वेळी टोचून ठेवा. आपला गावठी पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, म्हणून सप्टेंबरमध्ये नुसता पाला बघून वेल उपटू नका. पावसाळ्यात गोगलगायी फार येतात. संध्याकाळी ओलं बारदान वाफ्याशी पसरून खाली कोबीची पानं ठेवायची, पहाटे खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ मातीत मात्र टाकू नका.

फळझाडांत लहान परड्यासाठी माझी निवड पेरू, लिंबू, केळ आणि पपई. आंबा-फणसाची सावली सगळ्या भाज्या खाऊन टाकते, त्यांचं मन आवरा. खड्डा एप्रिलमध्ये दोन फूट लांब-रुंद-खोल खणून उन्हात तापवा, जूनमध्ये कलम लावा आणि कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा. पेरूला एप्रिल-मेमध्ये पाणी तोडा. पानं थोडी गळतात, घाबरू नका. जूनच्या पावसाबरोबर फूल धरतं आणि फळ थंडीत पिकतं. हे फळ गोड असतं आणि त्यात अळी क्वचितच असते, पावसाळ्यात पिकणारा पेरू मात्र हमखास किडतो. पपईला बुडाशी साचलेलं पाणी एक-दोन दिवसही सोसत नाही, खोड कुजतं. तिला गणपतीनंतर, मातीच्या ढिगावर लावा. गावठी बी असेल तर एका जागी तीन रोपं ठेवा. लांब देठावर लोंबणारी फुलं आली तो नर. तो उपटा आणि खोडालगत फूल धरणारं एक झाड राखा.

बी घरचं ठेवायचं असेल तर पावटा, चवळी, दोडका, मेथी, लाल माठ यांचं ठेवा. फळ झाडावरच वाळू द्या, सावलीत दाणे सुकवा आणि चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. बाटलीवर नाव आणि महिना लिहायला विसरू नका. पाकिटावर एफ-१ किंवा हायब्रीड लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरण्यात अर्थ नाही, पुढच्या पिढीत एकेक झाड वेगळं निघतं. कोबी आणि नवलकोलाचं बी दरवर्षी विकतच घ्या, त्यांना फुलायला जेवढी लांब थंडी लागते तेवढी आपल्याकडे पडत नाही.